पाडलेला पूलही बघून या

२०२० च्या जुलैत, टाळेबंदी चालू असताना, पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडायला घेतला. एरवी ही पहिल्या पानावरची बातमी, पण त्या दिवसांत रोजचे आकडेच इतके भयंकर होते की ती त्यांच्याखाली दबून गेली. पूल जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा. पुलाचं संकल्पन करताना त्याचं आयुष्य साधारण शंभर वर्षं धरतात. तो खचला म्हणून पाडला नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो त्याच चौकातून न्यायची होती आणि पुलाच्या जुन्या मांडणीत तिला जागा नव्हती. म्हणून तो काढून खालच्या मजल्यावर वाहनं आणि वरच्या मजल्यावर मेट्रो असा दुमजली पूल बांधायचं ठरलं. पुढची पाच वर्षं औंध, बाणेर, पाषाणहून शिवाजीनगरकडे येणारा माणूस पत्र्याच्या कुंपणांमधून, धुळीतून, रोज बदलणाऱ्या वळणांवरून वाट काढत राहिला. इतक्या कमी वयाचा, धडधाकट पूल पाडावा लागतो, याचा अर्थ तो बांधताना एक कागद कुणीतरी उघडायचा राहिला होता. ते मनातून काही केल्या जात नाही.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच नाशिकमध्ये मायको सर्कल ते त्रिमूर्ती चौक या पट्ट्यात उड्डाणपुलांचा घाट घातला गेला. उंटवाडीचा जुना वड मध्ये येत होता, त्यावरून बरंच वातावरण तापलं आणि शेवटी पूल बारगळले. वड वाचला याचा आनंद आहेच. पण त्या सगळ्या वादात झाड की पूल एवढीच बाजू लावून धरली गेली. ज्या शहरात मेट्रो निओचं, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या छोट्या मेट्रोचं, घोडं कागदावर का होईना उभं होतं, तिथे या पुलाचे खांब आणि त्या मार्गाचे खांब एकमेकांच्या आड येतील का, हा प्रश्न वडाइतका तापायला हवा होता. पुण्याचा पाडलेला पूल तेव्हा दोनशे किलोमीटरवर ताजा ढिगारा होऊन पडलेला होता.

पुण्याने काय बांधलं हे नाशिकला तोंडपाठ आहे. काय पाडलं आणि का पाडलं, हे नाही.

अभ्यास दौरे होतातच. नगरसेवक जातात, अधिकारी जातात, वातानुकूलित सभागृहात सादरीकरण होतं, पुष्पगुच्छ दिले जातात, मग बसमधून नवा प्रकल्प दाखवतात. नवा प्रकल्प नेहमी चांगलाच दिसतो, कारण त्याला अजून एकही पावसाळा लागलेला नसतो. मला वाटतं दौऱ्याला जाणाऱ्यांनी दुसरंच काहीतरी मागावं. बस डेपोतलं बिघाडाचं रजिस्टर मागावं. पावसाळ्यातल्या रात्री नियंत्रण कक्षात आलेल्या तक्रारींची वही मागावी. गेल्या पाच वर्षांत एकच रस्ता कितीदा खोदला आणि कुठल्या खात्याने खोदला, त्याचे परवाने मागावेत. मोठं शहर आपल्यापेक्षा वीस वर्षं पुढे असतं असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचा खरा फायदा हाच असतो की आपल्याला पुढे लागणारी ठेच तिथे आधीच लागलेली असते आणि तिची नोंद कुठल्या तरी फायलीत पडून असते.

पुलाचंच घेऊ. पुलाखालून उंच वाहन जाण्यासाठी साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवतात. त्यावर तुळया आणि वरचा थर धरला की रस्ता साडेसात मीटर वर चढवावा लागतो. चढ तीस मीटरला एक मीटर असा सौम्य ठेवला तर एका बाजूला सव्वादोनशे मीटर लागतात, तेवढेच दुसऱ्या बाजूला. म्हणजे एका चौकावरून उडी मारायला चौकाच्या दोन्ही अंगांना मिळून साडेचारशे मीटर रस्ता अडतो. या साडेचारशे मीटरमध्ये खालून जाणाऱ्याला दोन्ही बाजूंना एकेकच चिंचोळी पट्टी उरते आणि तीही रिक्षा, दुचाकी आणि भाजीच्या गाड्यांनी भरते. उतार जिथे टेकतो तिथून पुढचा सिग्नल दोनशे मीटरच्या आत असेल तर रांग पुलावर चढते आणि कोंडी फक्त एक चौक पुढे सरकते. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपला मेट्रोबरोबरच दुमजली पूल झाला. तिथे मेट्रो आणि पूल एकत्र आखले हे शहाणपणाचं झालं. पण उतार संपतो तिथली गर्दी काही सुटली नाही. म्हणून पूल मंजूर करण्याआधी चौकात कामाच्या दिवशी सकाळी सहा ते रात्री दहा अशी वळणवार मोजणी करायची असते. सरळ जाणारी वाहनं किती, उजवीकडे वळणारी किती, त्यात बस किती, दुचाकी किती. सरळ जाणारी निम्म्याहून कमी भरली तर पुलाचा बेत तिथेच गुंडाळावा. ही मोजणी चार दिवसांचं काम आहे. नाशिकच्या द्वारका चौकात वरून महामार्गाचा पूल गेला, खाली पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला, आणि वर्षानुवर्षं लोक जीव मुठीत धरून वरूनच रस्ता ओलांडत राहिले, कारण जिने उतरून अंधारात जायचं आणि पुन्हा चढायचं हे डोक्यावर गाठोडं, कडेवर मूल घेतलेल्या बाईला परवडत नाही. तिला कुणी मोजलंच नव्हतं.

बसच्या बाबतीत पुण्याचं उदाहरण जास्त दुखरं आहे, कारण तिथे कल्पना बरोबर होती. २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली. बससाठी रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका, म्हणजे बस कोंडीत अडकणार नाही. पण मार्गिका चौकाजवळ आली की संपायची, आणि कोंडी तर चौकातच असते. थांबे मधोमध, आणि तिथे पोचायला धड रस्ता ओलांडायची सोय नाही. बसची पायरी उंच, फलाट खाली, त्यामुळे चढ-उतारात वेळ जायचा तो जायचाच. तीनेक वर्षांनी, २००९ मध्ये, अहमदाबादने जनमार्ग सुरू केला तेव्हा बंदिस्त स्थानकं, आत शिरतानाच तिकीट आणि बसच्या दारापाशी सपाट फलाट एवढ्या गोष्टी पहिल्या दिवसापासून केल्या. पुण्याने नंतर, २०१५ च्या सुमारास, संगमवाडी–विश्रांतवाडी आणि नगर रस्त्यावर बऱ्याच सुधारणा केल्या, पण तोवर बीआरटी हा शब्दच लोकांच्या डोक्यात बसला होता तो अडथळा म्हणून. नगर रस्त्यावरचे बीआरटीचे पट्टे पुढे टप्प्याटप्प्याने उखडले. अर्धवट केलेली चांगली गोष्ट वाईट गोष्टीपेक्षा जास्त नुकसान करते. पुढची वीस वर्षं ती पुन्हा मागायचं तोंड राहत नाही.

नाशिकची सिटीलिंक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. मला तिच्याबद्दल मनापासून आपुलकी आहे. एसटीने हात आखडता घेतल्यावर रिक्षाशिवाय काही उरलंच नव्हतं अशा शहरात महापालिकेने बस चालवायचं धाडस केलं, ही लहान गोष्ट नाही. अडीचशे बसचा ताफा ठरला, त्यात दोनशे सीएनजीच्या. आता हिशेब बघा. शहरी बससेवेसाठी केंद्राने जो मापदंड ठरवलाय त्यात हजार लोकांमागे ०.६ बस ही चांगली पातळी धरतात, म्हणजे लाखामागे साठ. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. त्या जुन्या आकड्यालाही जवळपास नऊशे बस लागतात. अडीचशे बस सगळ्या शहरावर पातळ पसरल्या की प्रत्येक मार्गावर अर्ध्या-पाऊण तासाने एक बस येते, आणि ज्याच्याकडे दुचाकी घेण्याइतके पैसे जमतात तो त्या दिवसापासून बसचा राहत नाही. त्यापेक्षा सात-आठ मार्ग निवडावेत, नाशिकरोड–सीबीएस, सातपूर–द्वारका, सिडको–पंचवटी असे, आणि तिथे दहा मिनिटांना एक बस इतकं भरून टाकावं. बाकीच्यांना त्या मार्गांपर्यंत आणून सोडणारी छोटी गाडी. वेळापत्रक न बघता थांब्यावर जाऊन उभं राहता आलं पाहिजे. दहा मिनिटांच्या पुढे गेलं की माणूस घड्याळ बघतो आणि पंधराच्या पुढे गेलं की रिक्षा.

दहा मिनिटांना एक बस म्हणजे किती बस? पंधरा किलोमीटरचा मार्ग धरा, जाऊन-येऊन तीस. गर्दीसह ताशी अठरा किलोमीटर वेग पडला तर शंभर मिनिटं, दोन्ही टोकांना मिळून चालक-वाहकाला वीस मिनिटं विसावा. एकूण दोन तास. एकशेवीसला दहाने भागा, बारा बस. त्यावर दुरुस्तीसाठी एक-दोन राखीव. आता त्याच रस्त्यावर खोदकाम निघालं, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहायला लागल्या आणि वेग बारावर आला. फेरीला एकशेसत्तर मिनिटं लागतात. बस त्याच बारा, चालक तेच, इंधन उलट जास्त, पण दहाऐवजी चौदा मिनिटांनी बस. दहा मिनिटं टिकवायची तर पाच बस जादा घ्याव्या लागतील. पाच बस विकत घेणं महाग की रस्त्याकडेच्या गाड्या हटवणं महाग, हा प्रश्न वाहतूक पोलीस, महापालिकेचं बांधकाम खातं आणि बसची कंपनी यांनी एका टेबलाशी बसून सोडवायचा असतो. पुण्यात पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली, दोन शहरांची बस एका छताखाली आली, हे फार मोठं काम झालं. पण रस्ता मात्र तिच्या हातात कधीच आला नाही. दोन्हीकडचं दुखणं तेच आहे.

आणखी एक गोष्ट डेपोत गेल्याशिवाय कळत नाही. सकाळी पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी बस डेपोतून मार्गाच्या तोंडापर्यंत रिकामी जाते, रात्री रिकामी परत येते. डेपो शहराच्या एका कडेला असेल तर हे रिकामे किलोमीटर दिवसाला वीस-पंचवीस सहज होतात. ठेका किलोमीटरवर असेल, बस ठेकेदाराची आणि तिकिटाचे पैसे महापालिकेचे, तर या रिकाम्या धावेचा भुर्दंड कुणी सोसायचा हे करारात आधीच लिहावं लागतं. म्हणून विकास आराखड्यात डेपोसाठी शहराच्या चारही दिशांना पाच-पाच एकर राखून ठेवणं हे पुलापेक्षा आधीचं काम. पुण्यात ही जागा आता सोन्याच्या भावाने शोधावी लागते. नाशिकच्या आडगाव, पाथर्डी, मखमलाबादच्या बाजूला अजून द्राक्षांचे मांडव आहेत, तोवर शोधली तर सापडेल. आणि ठेकेदाराने पगार थकवले म्हणून वाहक संपावर जातात आणि सकाळी शाळेची पोरं थांब्यावर ताटकळतात, हे नाशिकने पुरेसं पाहिलंय. पगाराची रक्कम ठेकेदाराच्या हातात न जाता वेगळ्या खात्यातून थेट कामगाराकडे जावी, एवढं एक कलम करारात घालता येतं.

मेट्रोबद्दल थोडक्यात. पुण्यात डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झालं, पहिला तुकडा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. शहराच्या पोटातून भुयारी मार्गाने स्वारगेटपर्यंत पोचायला सप्टेंबर २०२४ उजाडला. ती आता भरभरून चालते आणि ते बघून बरंच वाटतं. पण स्थानकातून उतरल्यावर शेवटचा एक किलोमीटर कसा जायचा हे कोडं तिथेही अजून सुटायचंय. नाशिकला मेट्रो येवो न येवो, तिची रेघ आजच आराखड्यावर ओढून ठेवावी, दुभाजकात खांबाच्या पायासाठी जागा सोडावी आणि त्या रेघेखाली नवी जलवाहिनी टाकू नये. रेघेला खर्च येत नाही.

ओढ्यांविषयी लिहायचं तर हात जड होतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरांवर पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा सगळा परिसर बुडवत मुठेला गेला. वीसहून जास्त माणसं गेली. कित्येकांना झोपेतून उठायलाही वेळ मिळाला नाही. मुठेला त्या रात्री पूर नव्हता. धरण फुटलं नव्हतं. १९६१ च्या पानशेतच्या आठवणीने पुणेकर नदीकडे डोळे लावून बसतो, आणि पाणी आलं मागच्या दारातून, ज्याला लोक गटार म्हणत होते त्या ओढ्यातून. नाशिकमध्ये अगदी हीच मांडणी आहे. गोदावरीच्या पुराचं मोजमाप आपल्याकडे आजीलाही कळतं. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. नारोशंकराच्या घंटेला पाणी टेकलं की जुनी माणसं गप्प होतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं आणि होळकर पुलाखालून किती जातंय हे तासातासाला मोबाइलवर येतं. २००८ च्या सप्टेंबरात सराफ बाजार पाण्याखाली गेला तेव्हाही धरणाकडे बोट दाखवता आलं. पण नासर्डीला, वाघाडीला, सरस्वती नाल्याला कुठला मारुती आहे? तिथे पाणी किती चढलं हे पहिल्यांदा कळतं ते कुणाच्या तरी ओट्यावर.

हे पाणी वाढतं कसं ते आकड्यात बघितलं की झोप उडते. शंभर हेक्टरचा एक उतार घ्या, म्हणजे अडीचशे एकर. त्यावर तासाला शंभर मिलिमीटरच्या जोराने पाऊस पडला. तिथे शेत, गवत, झाडी असेल तर पडलेल्यातलं साधारण तीस टक्के पाणी लगेच वाहतं, बाकीचं मुरतं, अडतं, रेंगाळतं. ओढ्याला सेकंदाला आठ घनमीटरच्या थोडं वर, आपल्या सवयीच्या मापात जवळपास तीनशे क्युसेक. तिथेच बंगले, पार्किंगच्या फरशा, काँक्रीटचे रस्ते झाले की ऐंशी टक्के वाहतं. सेकंदाला बावीस घनमीटर. पावणेआठशे क्युसेक. पाऊस तोच, ओढा तोच. आणि त्या ओढ्यावर कॉलनीच्या रस्त्यासाठी मोरी बांधलेली असते ती चार-चार फुटी दोन सिमेंट पायपांची. त्या दोन पायपांतून सगळं नीट चाललं तर दोनशे क्युसेक जातं. नीट चालत नाहीच, कारण पायपांच्या तोंडाशी आडवी गेलेली जलवाहिनी असते, तिच्यावर केबलचा जुडगा असतो, त्यात फांद्या, गादीचा कापूस, थर्माकोल आणि प्लास्टिक अडकून पंधरा मिनिटांत बांध तयार होतो. पाणी मग रस्त्यावरून जातं. पुढे सोसायटीची सीमाभिंत असली तर ती पाणी अडवते, अडवते आणि एकदम कोसळते. आंबिल ओढ्याच्या काठी टांगेवाले कॉलनीत भिंत पडूनच माणसं मेली. ओढ्याकाठची सलग भिंत ही संरक्षण नव्हे. तिथे जाळी हवी, किंवा भिंतीला तळाशी दर दोन-तीन मीटरवर मोकळी तोंडं हवीत.

मग करायचं काय? सगळ्यात आधी ओढ्याची रुंदी मोजायची, आणि मोजताना नदीच्या संगमापासून वर चालत जायचं. प्रत्येक मोरीचं माप, दोन्ही बाजूंचा फोटो, पायपांमधून जाणाऱ्या वाहिन्या कुणाच्या. रुंदीकरणही खालूनच सुरू करायचं. हे सांगावं लागतं, कारण नेहमी उलटं होतं. वरच्या नव्या वस्तीचा दबाव जास्त, म्हणून वरचा नाला आधी रुंद आणि पक्का होतो, पाणी सुसाट खाली येतं आणि जुन्या गावठाणात, जिथे ओढा सगळ्यात अरुंद आहे, तिथे आदळतं. गाळ काढताना तो काठावर टाकून ठेवला तर पहिल्या जोरदार सरीत परत आत जातो. निथळायला दोन दिवस द्यावे आणि तिसऱ्या दिवशी उचलावा. ठेक्यात काढलेल्या गाळाचे नव्हे, वाहून नेऊन टाकलेल्या गाळाचे पैसे द्यावेत. आणि गोदावरीला जशी पंचवीस वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा आहे, तशी नासर्डी, वाघाडी आणि वालदेवीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्यालाही काढून ती सातबाऱ्यापर्यंत पोचवावी. आज ज्या नाल्याकाठी कांद्याची चाळ आहे तिथे ही रेषा ओढणं सोपं आहे. बारा मजली इमारत झाल्यावर ती रेषा न्यायालयात ओढावी लागते.

कचऱ्याच्या बाबतीत नाशिकने पुण्यापुढे मान खाली घालायचं कारण नाही. घंटागाडीची घंटा ऐकून बादली घेऊन दाराशी येणं ही सवय या शहराला खूप आधी लागली. हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज करायचा प्रकल्पही नाशिकने जर्मन साहाय्याने उभारला. पण पुण्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना तिथे १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था. घरोघरी जाऊन कचरा घेणाऱ्या बाईला घराकडून शुल्क मिळतं आणि सुका माल विकून जे येतं तेही तिचंच. त्यामुळे ओला-सुका वेगळा ठेवा हे ती तळमळीने सांगते, तो तिच्या मिळकतीचा भाग आहे. याउलट वजनावर पैसे देणाऱ्या ठेक्यात ओल्याने भिजलेला सुका कचरा जास्त भरतो, माती-मुरूम आणखी भरतो, आणि वेगळं करण्यात कुणालाच रस उरत नाही. पाच टनांचा छोटा बायोगॅस प्रकल्प बंद पडतो तो यंत्र वाईट म्हणून क्वचितच. दुधाच्या पिशवीचा कोपरा, रबर बँड, चमचे दळण्याच्या यंत्रात जातात, पंप अडतो, दोन दिवस कचरा साचतो, आंबतो, टाकीतलं पाणी आम्ल होतं आणि गॅस बनवणारे जिवाणू मरतात. ते परत जगवायला शेणाचा घोळ घालून तीन-चार आठवडे जातात. तेवढ्यात शेजारचे लोक वासाने हैराण होऊन मोर्चा आणतात. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं नाकातोंडात घेतला, गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. ती गावं २०१७ मध्ये महापालिकेत घेतली आणि पुढे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. कचऱ्याचे डोंगर जागेवरच राहिले. पाथर्डीच्या खत प्रकल्पाभोवती घरं वाढत चाललीत, आणि आज तिथे फ्लॅट घेणाऱ्याला वाऱ्याची दिशा कुणी सांगत नाही.

गावं घेण्यावरूनच आणखी एक. पुण्याने १९९७, २०१७ आणि २०२१ अशी टप्प्याटप्प्याने गावं हद्दीत घेतली. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी या भागात, गुलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग एक सापडायला लागले. धडधाकट माणसांचे पाय अचानक लुळे पडत होते. ही २०२१ मध्ये हद्दीत आलेली गावं. तिथे पाणी येत होतं ते विहिरीतलं, शुद्धीकरण केंद्रातून न जाता फक्त क्लोरीन टाकून. पाणी गढूळ असलं की क्लोरीन मातीशीच लढण्यात संपतो आणि जंतू कणांच्या आड जगतात. त्यामुळे टाकीवर क्लोरीन टाकला याला अर्थ नाही, शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरला का हे बघावं लागतं. त्याचं किट शंभर घरांमागे एक दिलं तरी पुरतं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही तर फोन करायचा. हद्द वाढली की मालमत्ता कराची बिलं पहिल्या वर्षी पोचतात, जलवाहिनी पंधराव्या वर्षी. नाशिकच्या कडेची गावं हे ओळखून आहेत. मखमलाबादला नगररचना योजनेला शेतकऱ्यांनी विरोध केला तो विकास नको म्हणून असं मला वाटत नाही. आपल्या गटातून किती जाणार, परत मिळणारा तुकडा नेमका कुठे, रस्ता कधी आणि पाणी कधी, हे तारखेसह लिहून मिळालं असतं तर बोलणं वेगळं झालं असतं.

आराखडा उशिरा होण्याची किंमत पुण्याने पुरेपूर मोजलीय. १९८७ चा आराखडा वीस वर्षांसाठी होता, पुढचा २००७ ला हवा होता, तो मंजूर व्हायला जानेवारी २०१७ उजाडलं. मधल्या दहा वर्षांत शहर काही थांबलं नाही. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखड्यात आरक्षित केलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि चोवीस महिन्यांत काही झालं नाही तर आरक्षण उडतं. बागेची जागा, शाळेची जागा, डेपोची जागा अशीच एकेक निसटते, आवाज न करता. प्रत्येक प्रभागात कुठल्या आरक्षणाची मुदत कधी भरते याची यादी नगररचना विभागात असते. ती दर एप्रिलला वर्तमानपत्रात छापायला काय हरकत आहे?

आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. बारा वर्षांतून एकदा नाशिकला एवढा पैसा एकरकमी मिळतो आणि एवढी घाईही एकदमच होते. रस्ते, पूल, घाट, मलवाहिन्या, सगळं एका वेळी खणलं जातंय. घाईत एक गोष्ट पहिल्यांदा सुटते, ती म्हणजे जमिनीखाली प्रत्यक्षात काय आणि किती खोलीवर टाकलं त्याची नोंद. आराखड्यात वाहिनी रस्त्याच्या डावीकडे असते, खोदताना खडक लागतो, मुकादम ती उजवीकडे वळवतो, माती लोटली जाते, वर डांबर पडतं. दहा वर्षांनी तिथे खांबाचा पाया घ्यायला जातात तेव्हा पाण्याचं कारंजं उडतं आणि निम्म्या शहराचं पाणी तीन दिवस बंद. म्हणून सिंहस्थाच्या प्रत्येक कामाच्या निविदेत एक अट असावी: दर तीस मीटरवर आणि प्रत्येक वळणाला वाहिनीची खोली, दुभाजकापासूनचं अंतर आणि माती लोटण्यापूर्वीचा फोटो, हे सगळं एका नकाशावर चढवून दिल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं दहा टक्के बिल निघणार नाही. तो नकाशा पाणीपुरवठा, मलनिस्सारण, बांधकाम, वीज कंपनी आणि बस कंपनी या पाचही ठिकाणी एकाच संगणकावरून उघडला पाहिजे, आणि कुठल्याही रस्त्यावर कुदळ मारण्याची परवानगी त्या नकाशाची प्रत जोडल्याशिवाय मिळू नये. २०२७ च्या कामांपुरतं जरी हे झालं तरी गंगाघाटापासून तपोवनापर्यंतचा आणि तिथून नाशिकरोडपर्यंतचा बराचसा पट्टा कागदावर येईल.